मालनचा गेमबॉय

तुम्ही खोटं बोललात, सर.

सत्काराच्या दिवशी बोललात, खांद्यावर शाल आणि समोर माईक असताना. मी तिसऱ्या रांगेत होते, आणि तुमचे ओठ मला अजून नीट वाचता येतात. 'माझ्या कारकिर्दीत या शाळेतून एकही मूल परत गेलं नाही.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले. मी उठून बाहेर आले आणि चपला घालताना ठरवलं, आता हे लिहायचं.

मला लिहायला कोणी शिकवलेलं नाही. मूकबधिर मुलांच्या तुमच्या त्या निवासी शाळेत आम्ही सातवीपर्यंत 'प' आणि 'ब' म्हणायला शिकलो. बाकीची भाषा मी किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून गोळा केलीय. खडबडीत वाटली तर वाटू दे.

एक मूल परत गेलं. मालन चौगुले. आठवत नसेल तर सांगते.

गणपतीची सुट्टी संपवून मालन वसतिगृहात आली, ती पत्र्याच्या पेटीत परकराच्या घडीत एक करडा डबा लपवून. विटेएवढा जाड, वर शेवाळी रंगाची काच, खाली दोन तांबडी बटणं.

"हे काय?" मी विचारलं.

आता एक सांगून ठेवते. आम्ही मुली एकमेकींशी जे बोललो ते सगळं हातांनी. वाचणाऱ्याने तसं समजून घ्यावं. आणि हात ही तुमच्या शाळेत चोरीची वस्तू होती. वर्गात हात मांडीखाली दाबून बसायचं. खूण करताना कोणी सापडली की तिच्याच वेणीची रिबीन सोडून मनगटं बांधायची, ती जेवणाच्या ताटावर सुटायची. 'हात चालले की जीभ आळशी होते', हे तुम्ही पालकांना सांगायचात. म्हणून आम्ही न्हाणीघरात बोलायचो, वाळत घातलेल्या चादरींच्या मागे बोलायचो. तिथे आमच्या गप्पा अशा चालायच्या की हात दुखायचे.

"अण्णाने दिलं," मालन म्हणाली. "मद्रासहून आणलं."

अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ. आमच्या खानापूर-आटपाडीकडची पोरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर जातात, गलाई म्हणतात त्याला. तसा तो मद्रासला होता. तिथे बंदराजवळ परदेशी मालाच्या बाजारात त्याला हा गेमबॉय मिळाला. आत एकच खेळ. वरून ठोकळे पडतात, कोणी लांब, कोणी चौकोनी, कोणी वाकडा. ते पडता पडता वळवायचे, सरकवायचे. खालची ओळ सलग भरली की नाहीशी होते. नाही भरली तर ढीग चढत चढत वर टेकतो आणि खेळ संपतो.

"घरात माझ्याशी बोलणारा हा एकच आहे," मालन म्हणाली.

"अण्णा नाही बोलत?"

"अण्णाला 'जेव' आणि 'चल' एवढंच येतं." तिने डब्यावर बोट ठेवलं. "हा विचारतो, हा ठोकळा कुठे ठेवतेस? मी सांगते. मग तो दुसरं विचारतो."

माझं वेगळं होतं. मला सहाव्या वर्षापर्यंत ऐकू येत होतं, मग ताप आला आणि गेलं. तोंडात शब्द शिल्लक होते म्हणून देणगीदार आले की तुम्ही मला पुढे उभी करायचात आणि मी 'स्वागत असो' म्हणायची. मालन जन्माचीच बहिरी. तिच्या तोंडासमोर मेणबत्ती धरायची आणि तिने 'प' म्हणायचं. ज्योत हलली तर 'प' आला. मालनची ज्योत हलायची नाही. हलली तर समजायचं की तिला हसू फुटलंय.

आणि तुम्ही सगळ्या वर्गासमोर सांगितलं होतंत, ओठ मोठे मोठे हलवून, तिला कळावं म्हणून: "दिवाळीपर्यंत पाणी म्हणाली नाही, तर घरी. हिला बुद्धीच नाही."

घरी म्हणजे शेळ्या. सकाळी माळावर जायचं, दिवस मावळला की यायचं, आणि मधल्या वेळात कोणाशी एक शब्द नाही. तिने मला एकदा सांगितलं होतं, सुट्टीत ती विहिरीत डोकावून स्वतःच्या प्रतिबिंबाशी हात हलवून बोलते. ते सांगताना ती हसत होती. मला नव्हतं हसू आलं.

तर तो डबा. त्याला चार पेन्सिल सेल लागायचे. ते संपल्यावर मालनने सातवीच्या वर्गातल्या भिंतीवरच्या घड्याळातला काढला आणि तिथे संपलेला बसवला. मग सहावीच्या. मग शिवणवर्गातला. एकेक करून शाळेतली घड्याळं थांबत गेली आणि शिक्षक एकमेकांना वेळ विचारत हिंडू लागले. तुम्ही घड्याळवाल्याला बोलावून झापलंत, ते आम्ही खिडकीतून पाहिलं. तो बिचारा हात जोडून सांगत होता, "साहेब, घड्याळं चांगली आहेत हो, सेल खाताहेत फक्त."

पुढे कितीतरी वर्षांनी मी एका पुरवणीत या गेमबॉयवरचा लेख वाचला. ज्याने तो बनवला त्याने म्हणे मुद्दाम जुना, स्वस्त, बिनरंगाचा पडदा घेतला. इतरांचे रंगीत, झगमगीत डबे आले आणि सेल खाऊन आपटले. हा टिकला, जगभर कोट्यवधी मुलांच्या हातात गेला. लेखाच्या शेवटी कोणा डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं की या यंत्राने मुलांना एकलकोंडं केलं. मी तो कागद घडी करून ठेवला नाही. चुलीत घातला. बाई, आमच्या खोलीत या. चादरीमागे एका डब्याभोवती सगळ्या मुली डोक्याला डोकं लावून बसलेल्या, आणि मध्ये मालन, जिला बुद्धी नाही. तिच्यासारखं कोणी खेळायचं नाही. ठोकळा वर दिसायच्या आधी तिचा अंगठा हललेला असायचा. मोठमोठ्या मुली तिला विचारायच्या, "हा वाकडा कुठे गं?" आणि ती सांगायची. एरवी तिला कोणी काही विचारत नव्हतं.

त्या डब्याला दोन बाजूंना दोन बारकी चाकं होती. डावीकडचं फिरवलं की चित्र गडद व्हायचं, उलट फिरवलं की फिकं. उजवीकडचं फिरवलं की काहीच व्हायचं नाही.

"बिघडलंय," मी म्हटलं.

"बिघडलेलं नाही," मालन म्हणाली. "ते पुढे ढकललं की हाताला मुंग्या येतात. त्याचं इंजिन असेल. पुरतं वर ठेवू, म्हणजे जोरात पळेल."

म्हणून आम्ही ते उजवीकडचं चाक पार वर नेऊन ठेवलं.

इतके दिवस आम्ही वाळवणाच्या आडोशाला खेळत होतो, तिथे ऐकू येणारं माणूस फिरकत नव्हतं. एके दिवशी संध्याकाळच्या अभ्यासाच्या तासाला मालनला धीर धरवला नाही. तिने बाकाखाली डबा घेतला. वसतिगृहाच्या आक्का पाठीमागे दाराशी बसून तांदूळ निवडत होत्या. आम्ही सगळ्या माना खाली घालून, पुस्तकं उघडून, अगदी शहाण्यासारख्या. आक्का उठल्या आणि सरळ मालनच्या बाकापाशी आल्या. इकडे तिकडे बघणं नाही, सरळ. आम्ही हबकलो. लाकडातून यांना दिसलं कसं?

"काय गं हे टुईंटुईं लावलंय?" त्यांचे ओठ म्हणाले. "माझं तांदूळ उडालं हातातलं."

तेव्हा मला कळलं ते चाक कशाचं होतं. ऐकू येत होतं त्या वयात मी असं खेळणं पाहिलं नव्हतं, नाहीतर आधीच ओळखलं असतं. मी मालनला सांगितलं, "हा ओरडतो. आपण याला सगळ्यात मोठ्याने ओरडायला लावलं होतं."

मालनने तोंडावर हात ठेवला आणि हसत सुटली. आक्काही हसल्या असत्या. पण तेवढ्यात मास्तरीणबाई आत आल्या, त्यामुळे आक्कांना आम्हा दोघींना तुमच्या खोलीत आणावंच लागलं.

दिवेलागणीची वेळ होती. तुम्ही टेबलाशी चहा पीत होतात. आक्कांनी डबा पुढे ठेवला, तुम्ही तो सुरू केलात आणि दचकून डोकं मागे घेतलंत. मग तुमचं बोट त्या चाकाकडे गेलं, ते खाली आलं आणि तुमच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. मालन माझ्याकडे बघत होती. बघ, ऐकणाऱ्यांना त्याचाही उपयोग आहे, अशी.

"कुणाचं हे?" तुम्ही विचारलंत.

मी तोंडाने सांगितलं, मालनचं. भावाने दिलंय.

"अभ्यास नाही, वाचा नाही, आणि खेळ." तुम्ही आक्कांना म्हणालात. "दिवाळीपर्यंत कशाला थांबायचं? उद्याच तिच्या बापाला निरोप पाठवतो."

मालनने माझी बाही ओढली. काय म्हणाले? मी सांगितलं. तुमच्यासमोर, हात उघडे ठेवून सांगितलं, कारण ते तिला सांगायची माझ्याकडे दुसरी रीत नव्हती.

"हात खाली," तुम्ही म्हणालात.

मालनने हात खाली घेतले नाहीत. "त्यांना सांग," ती मला म्हणाली, "मला एकदा खेळताना बघा. मग सांगा बुद्धी आहे का नाही."

मी सांगितलं. तुम्ही हसलात. वाईट हसला नाहीत, तेही लिहिते. "यात कसली आलीय बुद्धी? बोटांचा चाळा आहे," असं म्हणून डबा तुम्हीच हातात घेतलात. ठोकळे पडले. तुम्ही ते चुकीच्या जागी नेलेत, वळवायला विसरलात, आणि बघता बघता ढीग वर टेकला. मालन हसली. आमचं हसणं ऐकणाऱ्यांना कर्कश वाटतं हे मला माहीत आहे. आक्कांनी तिला चापट मारली, हळूच.

"कर बघू," तुम्ही म्हणालात आणि डबा तिच्यापुढे सरकवलात.

ती खेळली. तुम्ही आधी खुर्चीत मागे रेलून बघत होतात. मग पुढे वाकलात. मग उठून टेबलाला वळसा घालून आलात आणि तिच्या शेजारी बाकावर बसलात. तुमचा चहा निवला, त्यावर साय आली. चार ओळी एकदम नाहीशा झाल्या तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "अरे, हिने तो लांबडा मुद्दाम राखून ठेवला होता."

"होय सर," मी म्हटलं.

"मुद्दाम," तुम्ही पुन्हा म्हणालात, आक्कांना.

आक्का म्हणाल्या, "मी त्येच म्हणतीया केव्हाची. पोरगी हुशार हाय. परवा माझ्या चुलीची मोडलेली जाळी तिनंच तारेनं बसवली."

मला वाटलं, जमलं. मालन राहिली. मालनलाही वाटलं, कारण तिने डबा तुमच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "आता तुम्ही."

आणि तुम्ही घेतलात. मी काही सांगायच्या आधी घेतलात. मला तेव्हा ते लक्षात आलं नाही.

तुम्ही दुसऱ्यांदा खेळलात ते मनापासून. जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरून. मालन तुमच्या कोपराला चिकटून, एक ठोकळा आला की तुमच्या डोळ्यासमोर हात नेऊन म्हणायची, "वळव. अजून वळव. आता तिकडे." तुम्ही तसं करत होतात. ती 'तिकडे' म्हणाली की तिकडे, 'थांब' म्हणाली की थांबत होतात. मी मध्ये काही सांगत नव्हते, सर. माझं तोंड बंद होतं.

ढीग चढू लागला. मालन घाई करू लागली, तुमच्या हातावर चापट्या मारू लागली. तेव्हा तुम्ही पडद्यावरची नजर न काढता उजवा हात सोडवलात. दोन बोटं तिच्या मनगटावर टेकवलीत. मग त्याच बोटांनी स्वतःच्या छातीवर टिचकी मारलीत आणि जाता जाता बोटाच्या पाठीने तिच्या हनुवटीला हात लावलात. दम धर गं, मला करू दे.

इतकं सहज. जसं कोणी अंगावरची माशी उडवतं.

मालनला ते लगेच कळलं. ती गप्प बसली आणि तुम्हाला करू दिलं. ती ठोकळे बघत होती. मी तुमचा हात बघत होते. आमच्या शाळेत 'दम धर' म्हणताना पंजा उघडतात. मनगटावर दोन बोटं आमच्यात कोणी टेकवत नव्हतं, आणि हनुवटीचं ते तर कोणीच नाही.

"अगंबाई," आक्का म्हणाल्या. काखेला धरून आणलेलं तांदळाचं सूप त्यांनी खाली ठेवलं. "सर, तुम्हास्नी येतंय की हे."

तुम्ही वर पाहिलंत. ठोकळे पडत राहिले, वरपर्यंत गेले. तुम्ही डबा बंद केलात. उठलात, टेबलामागे गेलात आणि ती साय आलेला चहा तसाच प्यायलात.

"काय येतंय?" तुम्ही म्हणालात.

"हातांचं..."

"आक्का, स्वयंपाकघरात बघा जरा."

आक्का गेल्या. मालन अजून हसत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी तेव्हा पाहिलं आणि त्याचंच मला आजवर वाईट वाटतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला एक मोठं माणूस बोलणारं सापडलं होतं. ती तुमच्याकडे वळली आणि भराभरा बोलू लागली. तुम्ही कुठे शिकलात, तुमची खूण वेगळी का, उद्या पुन्हा खेळायचं का, तुम्हाला मी तो लांबडा राखायचं शिकवते. किती बोलली. तुम्ही तिच्या हातांकडे बघत होतात, आणि तुमचे डोळे ओळीवरून फिरावेत तसे फिरत होते. तुम्ही ऐकत होतात, सर. शेवटपर्यंत ऐकलंत.

मग मला म्हणालात, "तू काही पाहिलेलं नाहीस. घेऊन जा हिला."

मालनचा बाप आला तो अंगात धुवट नेहरू शर्ट, हातात आमच्यासाठी चुरमुऱ्याची पिशवी. मालनची पेटी व्हरांड्यात आणून ठेवलेली होती. तुम्ही पायरीवर उभे होतात.

"चौगुले, आमचा नाइलाज आहे. मुलीला बुद्धी नाही. आणि आता खेळण्याचा नाद लागलाय. हिच्यामुळे बाकीच्या मुली बिघडतात."

"सायेब, पोरीचं चुकलं तर मारा की," बाप म्हणाला. "पर न्हेऊन काय करू? घरात तिचं काय कुणाला समजतंय? हितं आली की पोर गुटगुटीत हुती. घरी आली की भिताडाकडं तोंड करून बसती."

"आमच्या हातात काही नाही."

मालन बापाच्या बाजूला उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याला काही सांगून उपयोग नव्हता, हे तिला जन्मापासून माहीत होतं. ती तुमच्या समोर येऊन उभी राहिली आणि सावकाश, एकेक खूण मोकळी करून म्हणाली:

"माझ्या बापाला तुम्ही सांगा. मला इथे राहायचंय. तुम्हाला कळतं. त्याला कळत नाही. तुम्ही सांगा."

तुम्ही छपराकडे पाहिलंत.

मी पुढे झाले. देणगीदारांसाठी घासून ठेवलेला माझा आवाज काढला आणि म्हटलं, "काका, ती म्हणत्ये, मला इथे राहायचंय. ती सरांना सांगत्ये. सरांना खुणा येतात."

बापाने तुमच्याकडे पाहिलं. बहुतेक काहीतरी आशा वाटली त्याला.

"पोरी काहीही बोलतात," तुम्ही म्हणालात. "मला कसल्या खुणा?"

आक्का दारात होत्या. त्यांनी पदराचं टोक दातात धरलं. त्यांना नोकरी टिकवायची होती. मी त्यांना बोल लावत नाही.

बापाने पेटी डोक्यावर घेतली. चुरमुऱ्यांची पिशवी माझ्या हातात दिली, "वाटून खावा" म्हणाला. मालन फाटकापर्यंत उलटी चालत गेली. वळली असती तर आमचे हात दिसले नसते, म्हणून. आम्ही सगळ्या मुली व्हरांड्यात उभ्या राहून बोलत होतो आणि मास्तरीणबाई एकीएकीचे हात खाली ओढत होत्या.

लग्न झाल्यावर मी एकदा नवऱ्याला घेऊन तिच्या गावी गेले. ती माळावरच होती. मला पाहिलं आणि माझ्या नावाची खूण केली, दोन वेण्या. मग तिने हात वर धरले. मला वाटलं, आता सुरू होईल. हात तसेच राहिले. बोटं थोडी हलली, काहीतरी शोधत असल्यासारखी, आणि खाली आली. तिच्याशी इतक्या वर्षांत कोणी बोललंच नव्हतं. मी बोलत राहिले. ती माझ्या हातांकडे बघून हसत राहिली, जसं माणूस परक्या गावातल्या लग्नात हसतं. निघताना मी मालनला माझ्या घरी घेऊन जाते म्हटलं. अण्णा तेव्हा परत आला होता. तो म्हणाला, "आता कशाला, ताई. सवय झाली तिला."

तुमचा मी पुष्कळ राग केला. ऐकणारी माणसं अशीच, असं म्हणून तो राग मला सोपा करता आला असता, पण तुमची दोन बोटं आड येतात. ती खूण शाळेतली नव्हती. चोरून बघून शिकलेलीही नव्हती, चोरून शिकलेला हात असा चालत नाही. हनुवटीला हात लावून 'दम धर गं' म्हणायला माणूस लहानपणी कोणाबरोबर तरी रोज खेळलेलं असावं लागतं. भांडलेलं असावं लागतं. तुमच्या घरात तसं कोणीतरी होतं. धाकटी बहीण असेल. किंवा थोरली. तिचं नाव तुम्ही कोणत्याही भाषणात घेतलेलं नाही, माझं सगळं आयुष्य तुमची भाषणं वाचण्यात गेलंय.

ती कोण होती, सर? तिचं काय झालं, आणि तिच्यासारख्याच पोरींची मनगटं तुम्ही रोज कशी बांधू शकलात? मी पुढच्या रविवारी तुमच्या घरी येणार आहे. दार उघडा आणि सांगा. तोंडाने सांगू नका, तोंडाने तुम्ही काहीही सांगता. हातांनी सांगा.